पावसाळा सरला, थंडी यायची आहे: घराच्या डागडुजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घट बसले की माझ्या फोनवर भिंतींचे फोटो यायला लागतात. पोपडे, बुरशी, फुगलेली दारं, गच्चीतून उगवलेला पिंपळ. नाशकात पंचवीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली, त्यामुळे ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचेही विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. आपल्याकडे थंडी ती किती! तिच्यासाठी घराची वेगळी तयारी कशाला?

थंडी अगदीच नगण्य नाही. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात. पण थंडीने आपली घरं खराब होत नाहीत. ती खराब होतात चार महिन्यांच्या पावसाने भिंतीत, स्लॅबमध्ये आणि लाकडात जे पाणी सोडलं आहे त्याने. ऑक्टोबरचं ऊन ते पाणी फुकटात काढून देतं. थंडी पडली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि उरलेली ओल आतच कोंडते. म्हणून क्रम असा: आधी सुकवणं, मग दुरुस्ती, मग रंग, आणि फटी बुजवणं सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

२. नेमकी सुरुवात कधी करायची?

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. राज्याच्या बऱ्याच भागात तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो. त्यानंतरही एखादी अवकाळी सर येते, तिची वाट पाहत बसू नका. पाइप साफ करणं, झाडं उपटणं, टाकी धुणं ही कामं लगेच करा. गच्ची ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, रंग नोव्हेंबरात. सुताराला मात्र डिसेंबरपर्यंत बोलवू नका, कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

३. भिंत वाळली की नाही हे हाताला कळतं का?

नाही. वरचा थर दोन दिवसांत कोरडा लागतो, आत ओल असतेच. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन घ्या, चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला बाष्प धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीच्या हवेत दमटपणा आहे, पंखा लावा आणि खिडक्या उघडा. दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या तरच रंगाऱ्याला फोन करा. चाचणी खाली जमिनीजवळ, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर अशी तीन ठिकाणी घ्या. एका जागेवरून निष्कर्ष काढू नका.

४. दिवाळीआधी रंग द्यायचाच आहे. रंगारी म्हणतो "काही होत नाही". देऊ का?

रंगाऱ्याचं काही होत नाही, हे खरं आहे.

माझीच गोष्ट सांगतो. बहिणीचा साखरपुडा दसऱ्याला ठरला होता. पाऊस थांबून आठ दिवस झाले असतील नसतील, आम्ही हॉलला पुट्टी, प्रायमर आणि वर चकचकीत रंग मारून घेतला. साखरपुड्याच्या फोटोंत भिंत झकास दिसते. मार्गशीर्षात सोफ्यामागे नाण्याएवढा एक फुगवटा आला. अंगठ्याने दाबला तर आतून थेंबभर पाणी निघालं आणि पापडासारखा पापुद्रा हातात आला. महिन्याभरात सहा फूट भिंत सोलली. बांधकामावरचा माणूस असून मी हे केलं, तेव्हा तुम्हाला मोह झाला तर मी हसणार नाही.

दिवाळी लवकर असेल तर फक्त आतल्या, पाऊस न लागलेल्या भिंती रंगवा. बाहेरच्या बाजूच्या भिंतींना तात्पुरता साधा डिस्टेंपर लावा, त्यातून ओल निघून जाते. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट ओल्या भिंतीवर म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. आणि प्लास्टरला नवा ठिगळ लावला असेल तर तो आठवडाभर पाणी मारून आधी पक्का करायचा आणि मग पुरता वाळू द्यायचा. नव्या प्लास्टरला रंगाआधी महिनाभर द्या.

५. भिंतीवर मिठासारखी पांढरी पावडर फुलते. पुसली की पुन्हा येते. काय आहे ते?

क्षार. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. ओल्या फडक्याने पुसलं की तो पुन्हा विरघळून आत जातो, म्हणून पुन्हा येतो. कोरड्या ब्रशने झाडा आणि कचरा सुपलीत भरून बाहेर टाका. फुलणं थांबलं की समजा भिंत वाळत आली. ऐन एप्रिलातही फुलत असेल तर पाणी पावसाचं नाही, नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपचं आहे. प्लंबर बोलवा.

६. बुरशीवर रंग मारला की ती मरते ना?

रंगाखाली ती मजेत जगते. आधी ओल कुठून येते ते शोधा, नाहीतर पुढचं सगळं वाया. मग घरातलं साधं ब्लीच एकास दहा पाण्यात मिसळून स्पंजने लावा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा आणि पंखा लावून वाळवा. बुरशी कोरडी खरवडू नका, तिची भुकटी घरभर उडते. नाकाला मास्क, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी. एक गोष्ट कधीच करायची नाही: ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. दमा असलेल्या माणसाने हे काम हाती घेऊच नये.

७. गच्चीची गळती पाऊस थांबताच थांबली. आता मे महिन्यात बघू का?

मे महिन्यात गवंडी मिळत नाही, मिळाला तर तो वळवाच्या आधी घाईत उरकतो. शिवाय आत्ता छतावरचे डाग ताजे आहेत आणि पाणी कुठून शिरलं त्याचा माग लागतो. आजच डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. वर गच्चीत जाऊन कठड्यापासूनचं अंतर मोजून तीच जागा शोधा.

माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा चूक गच्चीच्या मधोमध नसते. ती असते कडेला: गच्ची आणि कठडा मिळतात तिथल्या गोलाईला (गवंडी तिला वाटा म्हणतात) गेलेला तडा, पावसाच्या पाइपच्या तोंडाशी सुटलेलं सिमेंट, नाहीतर डिश अँटेना बसवायला कुणीतरी पाडलेलं भोक. ही दुरुस्ती एका दिवसाची. याउलट ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) किंवा चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) जागोजागी पोकळ वाजत असेल, नाण्याने ठोकून ऐका, तर वरवर लेप मारून उपयोग नाही. तेवढा भाग उखडावा लागतो.

लेप मारायचा असेल तर डब्यावरची सूचना स्वतः वाचा. काही लेप पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर लागतात. सिमेंटमिश्रित लेपाला पृष्ठभाग ओलसर लागतो, फक्त पाणी साचलेलं नको. मजूर दोन्ही एकाच पद्धतीने मारतात.

काम झाल्यावर गच्चीत पाणी साठवून दोन दिवस तपासणी करा. मात्र दोन इंच पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलो वजन. स्लॅबच्या खालून सळया दिसायला लागल्या असतील तर पाणी भरू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

८. आम्ही सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो. गळती दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून पावसाचं पाणी झिरपत असेल तर खर्च संस्थेचा, आणि त्या गळतीने वरच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर खराब झालं असेल तर तेही संस्थेच्याच खर्चात. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूम किंवा सिंकमधून पाणी येत असेल तर खर्च संबंधित सदस्याचा. भांडण बहुतेक "पाणी नेमकं कुठलं" यावरच असतं. सोपी खूण: पाऊस थांबून तीन आठवडे झाले तरी डाग वाढतोच आहे, तर ते बहुतेक गच्चीचं नाही. म्हणूनच प्रश्न ७ मधली पेन्सिलची रेघ आणि तारीख. सेक्रेटरींना फोटोसह लेखी द्या आणि पोच घ्या. जाता जाता: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवर असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, हेही त्याच उपविधींत आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय काढला की सगळे घड्याळ बघतात.

९. दार फुगलं आहे, लागत नाही. सुतार रंधा मारून देतो म्हणतो.

आत्ता नको. लाकूड पावसात पाणी पिऊन फुगतं आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत आपोआप बसतं. ऑक्टोबरात तासलेल्या दाराला जानेवारीत बोटभर फट पडते, मग तिच्यातून गार वारा येतो आणि तुम्ही मला प्रश्न १० विचारता. तोवर घासतं तिथे मेणबत्ती फिरवा. बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत का तेही बघा, निम्मी दारं फुगलेली नसतात, लोंबलेली असतात. जानेवारीतही दार घासत असेल तर खुशाल रंधा मारा, पण तासलेल्या कडेला त्याच दिवशी पॉलिश किंवा रंग लावून घ्या. दाराची खालची कड कोणी कधीच रंगवत नाही आणि पाणी तिथूनच चढतं.

१०. स्लायडिंग खिडकीतून रात्री गार वारा येतो. सिलिकॉनने सगळं बंद करू का?

भिंत आणि चौकट यांच्यामधली फट सिलिकॉनने भरा. सरकत्या काचांमध्ये असते ती केसाळ पट्टी झिजते, ती मीटरवर मिळते आणि ओढून बसवता येते. पण खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला जी बारीक भोकं असतात ती बुजवू नका. पावसाचं पाणी तिथूनच निघतं. ती बंद केली की जूनमध्ये पाणी आत हॉलमध्ये. उलट टाचणीने ती आत्ताच मोकळी करा, चार महिन्यांचा चिखल निघेल. बाथरूमची झडप आणि स्वयंपाकघराची जाळी कधीही बंद करू नका (प्रश्न १३ वाचा).

११. गच्चीच्या कठड्यात पिंपळ उगवला आहे. दर वर्षी तोडतो, पुन्हा येतो.

तोडता म्हणूनच येतो. वरून छाटलं की खाली दुप्पट फुटवे. पाऊस नुकताच सरल्यावर फट ओलसर असते, तेव्हा रोप वीतभर असेल तर मुळासकट ओढून निघतं. मूळ आत गेलं असेल तर छिन्नीने फट उघडून पूर्ण मूळ काढा आणि मग सिमेंटने बुजवा. मनगटाएवढं खोड झालं असेल तर हा तुमचा खेळ नाही, गवंडी लागेल. पिंपळ तोडू नये म्हणणाऱ्या आजी घरात असतील तर निघालेलं रोप कुंडीत लावून द्या, दोघांचंही समाधान होतं.

१२. गीझर वर्षभर बंद होता. सरळ सुरू करू का?

आधी नळ सोडून टाकीतलं साचलेलं पाणी वाहू द्या. टाकी रिकामी असताना बटण लावलं तर कॉइल जळते. मग हे बघा: प्लग १६ अँपिअरचा आहे का, अर्थिंग आहे का, आणि मुख्य बोर्डावरच्या ३० मिलिअँपिअर आरसीसीबीवरचं (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) "टेस्ट" बटण दाबल्यावर खटका पडतो का. पडत नसेल तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गीझर बंद. चालू गीझरच्या पाण्याला हात लावताना मुंग्या आल्या तर तोच नियम.

बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर चुन्याचा थर चढतो. आतून तडतड आवाज येणं, पाणी उशिरा तापणं या त्याच्या खुणा. मेकॅनिक आला की कॉइलबरोबर मॅग्नेशियमचा दांडाही (अ‍ॅनोड) बघायला सांगा. तो स्वतः झिजून टाकी गंजण्यापासून वाचवतो, आणि संपला की टाकी गंजायला लागते.

किती वेळ चालू ठेवायचा हेही फार जण विचारतात. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. २ किलोवॉटचा गीझर हे काम १८-२० मिनिटांत करतो. पहाटे पाचला लावून सातला आंघोळ करायची गरज नाही.

१३. गॅस गीझर बाथरूममध्येच बसवला आहे. एग्झॉस्ट फॅन आहे, मग चालेल ना?

नाही. या पानावरचं हे एकच उत्तर वाचलं तरी चालेल. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, या वायूला तो नसतो. डोकं जड होतं, चक्कर येते, पाय गळतात आणि माणूस कडी लावलेल्या दाराआड पडतो. थंडीत झडप बंद, दाराखाली पायपुसणं कोंबलेलं, आणि घरातले एकामागून एक आंघोळीला. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत हलवा आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप आणा. हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा आणि मग आत जायचं. कोणी पडलेलं दिसलं तर आधी दार-खिडक्या उघडा, त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं हाही तोच प्रकार. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी करायची असेल तर खिडकी उघडी आणि काम झालं की शेगडी बाहेर.

१४. सोलरचं पाणी उन्हाळ्यात उकळतं आणि नेमकं थंडीत कोमट. का?

सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात. नाशकात डिसेंबरच्या भर दुपारीसुद्धा चार फुटी कठड्याची सावली जवळजवळ चार फूट पडते, सकाळी त्याहून लांब. एप्रिलमध्ये उन्हात असलेल्या नळ्या डिसेंबरात सावलीत असू शकतात. दक्षिणेला नवी इमारत किंवा पाण्याची टाकी आली आहे का तेही बघा. मग नळ्यांवरची धूळ धुवा आणि गरम पाण्याच्या पाइपवरचं फाटलेलं आवरण बदला. नळ्या पहाटे किंवा सूर्यास्तानंतर धुवा. तापलेल्या काचेवर, किंवा दुपारी रिकाम्या तापलेल्या नळीत, गार पाणी सोडलं की ती तडकते.

१५. टाकी वर्षातून एकदा धुतली तर पुरे?

दोनदा धुवा, त्यातली एक वेळ आत्ता. डेंग्यूचा डास मुख्यतः साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, ती टाकीच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसती रिकामी करून चालत नाही, कडा घासायला हव्यात.

१६. गाद्या, गोधड्या, स्वेटर कपाटातून काढले, वास येतो.

ऑक्टोबरचं कडक ऊन, दोन्ही बाजूंनी, दोन-तीन दिवस. कापसाची गादी गठुळली असेल तर पिंजाऱ्याला आत्ताच गाठा, डिसेंबरात त्याला फुरसत नसते. घरात तान्हं बाळ असेल तर एक खबरदारी: डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावू नका. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांमुळे फुटतात आणि कावीळ होते. ही कमतरता आधी कळलेली नसते. कडुनिंबाचा वाळका पाला बरा.

१७. पाऊस नाही, तरी पहाटे पत्र्यातून पाणी ठिबकतं. पत्रा फुटला का?

बहुतेक नाही. रात्री पत्रा गार पडतो, घरातली वाफ त्याच्या खालच्या बाजूला लागून दव होते आणि गळते. निम्मं छत एकसारखं ओलं असेल तर दव, एकाच जागी धार असेल तर भोक. दवावर उपाय म्हणजे वरच्या बाजूने हवा खेळती ठेवणं आणि खाली थर्माकोल किंवा फोमचं अस्तर. पक्क्या घरात कपाटामागच्या भिंतीला जानेवारीत ओल येते तीही अशीच. कपाट चार बोटं पुढे ओढा. शंका असेल तर प्रश्न ३ मधलं प्लास्टिक लावा.

१८. आमचा जुना वाडा आहे, माती-विटांचा. वरच्या सगळ्या सूचना त्याला लागू आहेत का?

रंग आणि प्लास्टरच्या नाहीत. मातीची आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते, तिला श्वास लागतो म्हणा ना. खालचे तीन फूट ओले दिसतात म्हणून लोक तिथे सिमेंटचं प्लास्टर करतात किंवा फरशी चिकटवतात. पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही, ते आणखी वर चढतं आणि पुढच्या वर्षी ओल पाच फुटांवर दिसते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा, चुन्याचाच रंग. पायाशी बाहेरून साचणाऱ्या पाण्याला वाट काढून द्या, निम्मं काम तिथेच होतं.

१९. कोकणातलं घर बंद असतं. दिवाळीत चार दिवस जाणार आहोत. काय करून यावं?

पहिल्या दिवशी सगळी दारं-खिडक्या सताड उघडा आणि दुसरं काही करू नका. पडवीला पावसासाठी बांधलेले झावळ्यांचे झाप उतरवा, नाहीतर आतल्या भिंतीला ऊन लागतच नाही. माकडांनी सरकवलेली कौलं सारखी करून घ्या. लाकडाला टिचकी मारत फिरा, पोकळ आवाज आला तिथे वाळवी. अंगण चोपायला माणूस मिळत असेल तर आत्ताच सांगून ठेवा. निघताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि विजेचा मेन बंद, पण कौलाखालची झरोक्याची हवा चालू.

२०. मुलाने शिकागोजवळ पहिलं घर घेतलं आहे. त्याला यातलं काय सांगू?

जवळजवळ काहीच नाही, तिथला प्रश्न वेगळा आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. त्याला सांगा: पहिल्या कडाक्याआधी बाहेरच्या नळाची बागेची नळी काढ, आतून त्या नळाचा व्हॉल्व्ह बंद कर आणि बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दे. छताच्या पन्हळीतली पानं काढ, फर्नेसचा (घर गरम ठेवणारी भट्टी) फिल्टर बदल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, त्याच दिवशी धुराच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून बघ आणि लागेल तिथे बॅटरी बदल. थंडीत भारतात यायचं असेल तर घराची हीटिंग पूर्ण बंद करू नकोस, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह मात्र बंद करून ये. किल्ली शेजाऱ्याकडे.